सुताच्या गावांतील पतंग : अहमदाबाद आणि येवला

मकरसंक्रांतीला पतंग उडवण्याची चाल गुजरातमध्ये आणि महाराष्ट्राच्या काही भागांत इतकी रुजलेली आहे की ती सणाइतकीच जुनी असावी, असा समज सहज होतो. प्रत्यक्षात संक्रांतीच्या पर्वकाळाचा विचार करणारे धर्मशास्त्रीय निबंधग्रंथ स्नान, दान, तीळ आणि पितरांचे तर्पण यांचा ऊहापोह करतात. पतंगाशी त्यांना कर्तव्य नाही. थंडीच्या दिवसांत अंगावर ऊन घ्यावे म्हणून पूर्वजांनी ही चाल पाडली, हे अलीकडे वारंवार दिले जाणारे स्पष्टीकरण तर उघडच मागाहून चिकटवलेले आहे. उन्हात बसण्यासाठी कागद, कामटी आणि काच यांचा एवढा खटाटोप कोणी मांडत नाही. पतंगोत्सव जेथे खरोखर मोठा झाला त्या गावांची यादी डोळ्यांपुढे आणली, तर या सणाचा इतिहास पंचांगापेक्षा पेठेत आणि मागावर शोधणे अधिक फलदायी ठरेल असे दिसते. अहमदाबाद, सुरत आणि येवला ही मुळात कापडाची आणि रेशमाची गावे आहेत, आणि विदर्भात पतंगासाठी सर्वांत प्रसिद्ध असलेले नागपूर हे कोष्ट्यांच्या मागांचे व पुढे कापडगिरण्यांचे शहर आहे.

पतंग आणि संक्रांत यांचा संबंध अपरिहार्य नाही, हे भारताच्या नकाशावरून लगेच ध्यानात येते. कोलकात्यात पतंगाचा दिवस सप्टेंबरच्या मध्यावरील विश्वकर्मापूजेचा, म्हणजे कारागिरांनी आपल्या हत्यारांची पूजा करण्याचा असतो, पंजाबात तो वसंतपंचमीला येतो, दिल्लीत स्वातंत्र्यदिनाला, आणि खुद्द महाराष्ट्रात फलटणच्या परिसरात नागपंचमीला, भर श्रावणात, पतंग चढतात. त्या त्या प्रदेशात वारा केव्हा हाताशी येतो, पाऊस केव्हा उघडीप देतो आणि कामकरी माणसाला सुटी केव्हा मिळते, यांवर हा दिवस ठरत गेला असावा. गुजरात व खानदेशाच्या पट्ट्यात जानेवारीत आकाश निरभ्र असते आणि दिवसा कोरडा वारा वाहतो, हे संक्रांतीच्या पथ्यावर पडले. ‘उत्तरायण’ या गुजराती नावाला मात्र खगोलाचा आधार आज उरलेला नाही. सूर्याचे प्रत्यक्ष उत्तरायण २१-२२ डिसेंबरला सुरू होते आणि निरयन पंचांगातील मकरसंक्रांत १४ किंवा १५ जानेवारीला येते. अयनचलनामुळे, म्हणजे पृथ्वीच्या आसाच्या मंद डोलण्यामुळे, ही तफावत पडत गेली असून हे दोन क्षण सुमारे सतराशे वर्षांपूर्वी एकत्र येत होते.

पतंगाची जन्मभूमी चीन मानली जाते आणि कागदाची तर ती निःसंशय आहे. भारतात पतंग नेमका कोणत्या वाटेने आला यापेक्षा, तो सामान्य माणसाच्या हाती केव्हा आला हा प्रश्न महत्त्वाचा, आणि त्याचे उत्तर कागद स्वस्त केव्हा झाला या प्रश्नाशी जोडलेले आहे. या संदर्भात एक पुरावा मराठी वाचकाला विशेष जवळचा वाटावा. शिखांच्या गुरुग्रंथसाहिबात संत नामदेवांची ६१ पदे समाविष्ट असून त्यांतील रामकली रागातील एका पदात, कागद आणून, तो कापून केलेला पतंग आकाशात सोडणाऱ्याचा दृष्टान्त आहे : उडवणारा सवंगड्यांशी बोलत असतो, पण त्याचे चित्त दोरीवर खिळलेले असते, आणि भक्ताचे चित्त नामावर तसेच असावे. गुरुग्रंथसाहिबाची मूळ संहिता १६०४ मध्ये सिद्ध झाली, त्यामुळे पदाचा काळ अगदी काटेकोरपणे धरला तरी सोळाव्या शतकाच्या अलीकडे येत नाही. परंपरेप्रमाणे ते नामदेवांचे मानले, तर ते चौदाव्या शतकात, म्हणजे दौलताबादेजवळच्या कागजीपुऱ्यात हातकागद तयार होऊ लागल्याचे परंपरा सांगते त्याच काळात जाऊन पोहोचते. हिंदी सूफी काव्यात मंझनाच्या ‘मधुमालती’त, इ. स. १५४५ च्या सुमारास, पतंग उपमेच्या रूपाने येतो. दृष्टान्त श्रोत्यांच्या परिचयाच्या वस्तूंचेच दिले जातात, एवढे लक्षात घेतले तरी सोळाव्या शतकापर्यंत पतंग ही उत्तर भारतात आणि दख्खनेत रस्त्यावरची वस्तू झाली होती, असे म्हणता येते.

नामदेवांच्या पदातला पतंग एकटा उडतो. आज पतंगोत्सव म्हणून जे ओळखले जाते ते मात्र पतंगांचे युद्ध आहे. दोन पतंगांच्या दोऱ्या एकमेकींत गुंतवणे म्हणजे पेच लावणे, आणि घासून दुसऱ्याची दोरी कापणे म्हणजे काटाकाटी. या युद्धाचे शास्त्र उत्तरेकडील दरबारांत घडले. लखनौच्या नवाबांनी ते शिगेला नेले आणि वाजिद अली शाह १८५६ मध्ये राज्य गमावून कोलकात्याजवळच्या मटियाबुर्जला जाऊन राहिला तेव्हा त्याच्या पदरच्या मंडळींबरोबर लखनौचे शौकही तिकडे गेले. जयपूरच्या राजवाड्यात महाराजा रामसिंह दुसरे यांच्या पतंगांचा संग्रह जपून ठेवलेला आहे. ही दरबारी परंपरा सुताच्या गावांच्या मांडणीत चपखल बसत नाही, हे मान्य केले पाहिजे; मात्र दरबारात खेळणारे मूठभर होते आणि बघे पुष्कळ. प्रत्येक घराच्या गच्चीवरून प्रत्येकाने खेळावे, अशी स्थिती येण्यासाठी पीळदार, बारीक आणि मैलोगणती स्वस्त सूत लागते, आणि ते नवाबांकडे नव्हते, कारखान्यांकडे होते.

अहमदाबादची भरभराट सूत, रेशीम आणि जर या तीन धाग्यांना लटकलेली आहे, अशी म्हण एकोणिसाव्या शतकात प्रचलित होती. १८६१ मध्ये रणछोडलाल छोटालाल यांची पहिली कापडगिरणी तेथे सुरू झाली आणि पुढच्या अर्धशतकात शहराभोवती गिरण्यांचे वलय तयार झाले. पतंगाच्या दृष्टीने यातून दोन गोष्टी घडल्या. यंत्रावर कातलेला, अनेक पदरांचा, सारख्या पिळाचा शिवणाचा दोरा बाजारात आला. गुजराती पतंगबाज आजही दोरा ‘छ तार’ की ‘नव तार’, म्हणजे सहा पदरी की नऊ पदरी, असा विचारून घेतात. आणि वर्षातील ठरावीक सुट्याच मिळणारा मोठा कामगारवर्ग शहरात आला, ज्याला मैदानावाचून, वर्गणीवाचून आणि घराबाहेर न पडता साजरा करता येईल असा सण हवा होता. मैदानाची उणीव जुन्या शहराच्या रचनेने भरून काढली. अहमदाबादच्या पोळी, म्हणजे एका दरवाजाच्या आतल्या अरुंद गल्ल्यांच्या वस्त्या, भिंतीला भिंत लागून उभ्या असल्यामुळे त्यांच्या गच्च्या एकमेकींना जवळजवळ जोडलेल्या असतात आणि वर्षातून एक दिवस या गच्च्यांवर शहराचा दुसरा मजलाच वसतो.

हा सण उडवणारे आणि त्यासाठी राबणारे यांचे समाज बव्हंशी वेगळे आहेत, ही अहमदाबादच्या पतंगोत्सवातील सर्वांत लक्षणीय आणि सर्वांत कमी बोलली जाणारी गोष्ट आहे. पतंग तयार करणारी बहुसंख्य घरे मुसलमानांची आहेत. शहरात जमालपूरसारख्या भागांत आणि बाहेर खंभातमध्ये, जे एके काळी समुद्रव्यापाराचे नामांकित बंदर होते आणि गाळाने भरून गेल्यावर ज्याचे महत्त्व ओसरले, हा धंदा वर्षभर चालतो. पतंग एका हाताने होत नाही. एक जण कागदाच्या थप्प्या चौकोनी कापतो, दुसरा मधली उभी काडी चिकटवतो, जिला गुजरातीत ‘ढड्ढो’ म्हणतात, तिसरा आडवी कमान वाकवून बसवतो, चौथा कडेने दोरा घालून कागद दुमडतो, म्हणजे वाऱ्याने तो फाटत नाही, आणि शेवटी शेपटाकडचा त्रिकोण व जोडांवरच्या चिप्प्या डकवल्या जातात. यांतली पुष्कळशी कामे घरी बसून बायका आणि मुली करतात आणि मजुरी हजार नगांच्या हिशेबाने मिळते. काडीची जाडी वरच्या टोकापासून खालपर्यंत किती उतरत न्यायची आणि कमान किती लवचीक ठेवायची, यावर पतंग स्थिर राहील की एका बाजूला कलेल हे ठरते. कललेला पतंग सरळ करण्यासाठी हलक्या बाजूच्या कमानीला चिंधी किंवा दोऱ्याचा तुकडा बांधतात, त्याला मराठीत कन्नी म्हणतात, आणि कामटीच्या घडणीत राहिलेली चूक उडवणाऱ्याने गच्चीवर निस्तरण्याचा तो उपाय आहे.

मांजा सुतवणारे कारागीर आणखी दुरून येतात. उत्तर प्रदेशातून, विशेषतः बरेलीच्या परंपरेत तयार झालेले कारागीर, संक्रांतीच्या दोनेक महिने आधी अहमदाबादेत उतरतात आणि रस्त्याच्या कडेला लाकडी खांब रोवून त्यांच्यामध्ये दोरे ताणतात. भाताची खळ, वस्त्रगाळ केलेली काचेची पूड आणि रंग यांचा गोळा मुठीत धरून, बोटांना चिंध्या गुंडाळून, कारागीर दोऱ्यांच्या रांगेला हात लावत या खांबापासून त्या खांबापर्यंत चालत जातो आणि परत येतो. लेप पातळ बसला तर मांजा कापत नाही, जाड बसला तर तो ताठर होऊन तुटतो. म्हणून प्रत्येक फेरीत चिमटीचा दाब सारखा राखावा लागतो आणि काच चिंध्यांतून बोटांपर्यंत पोचायची ती पोचतेच. सुतवलेला मांजा वाळला की फिरकीवर गुंडाळला जातो आणि हे कारागीर उत्तरायणाला बहुधा गच्चीवर नव्हे, तर परतीच्या प्रवासात असतात.

सणाच्या दिवसाचे वर्णन अनेकांनी केलेले असल्यामुळे ते थोडक्यात उरकता येईल. १४ जानेवारीला पहाटेपासून गच्च्या भरतात. कोणाचा पतंग कटला की ‘काई पो छे’ अशी आरोळी उठते, आणि हरणाऱ्याला ‘लपेट’, म्हणजे दोरी गुंडाळ, असे बजावले जाते. जेवणात उंधियो आणि जिलेबी असते. अंधार पडल्यावर एकेका दोरीवर कागदी कंदिलांची माळ चढवतात, तिला ‘तुक्कल’ म्हणतात. दुसरा दिवस ‘वासी उत्तरायण’, म्हणजे शिळ्या उत्तरायणाचा, आणि कित्येक जाणकारांच्या मते खरा खेळ त्या दिवशीचा, कारण नवखे तोवर दमलेले असतात.

महाराष्ट्रात संक्रांत मुख्यतः तिळगूळ, वाण आणि हळदीकुंकू यांची, म्हणजे बव्हंशी स्त्रियांची आणि घरातली आहे. नाशिक जिल्ह्यातील येवला हे गाव त्याला ठळक अपवाद आहे. येथे पतंगाचा सण तीन दिवस चालतो : भोगी, संक्रांत आणि कर, म्हणजे संक्रांतीनंतरचा, पंचांगात किंक्रांत म्हणून येणारा आणि शुभकार्याला वर्ज्य मानलेला दिवस. भोगीला बाजरीची तीळ लावलेली भाकरी आणि हंगामातल्या सगळ्या भाज्यांची मिसळ असा खास महाराष्ट्रीय बेत होतो, तो आटोपून माणसे छपरावर जातात. करीला एरवी महाराष्ट्रात काही करायचे नसते, येवल्यात मात्र तो उत्सवाचा कळस असतो आणि अखेरच्या संध्याकाळी आतषबाजी होते.

याचा उलगडा गावाच्या वसाहतीच्या इतिहासात आहे. सतराव्या शतकात राघोजी नाईक यांनी येवल्याची पेठ वसवली आणि बाहेरून, त्यांत गुजरातमधूनही, रेशमाचे व्यापारी व विणकर आणून तेथे ठेवले, असे सांगितले जाते. पुढे ते विंचूरकरांच्या जहागिरीत होते. पैठणी हे वस्त्र नावाने पैठणचे असले तरी गेल्या दीडदोनशे वर्षांत ते जगवले ते मुख्यतः येवल्याने. गुजराती व्यापारी आणि निरनिराळ्या जातींचे विणकर यांनी गजबजलेल्या या गावात गुजरातचा पतंग आला आणि टिकला, असेच येवलेकर मानतात. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धर्मांतराची घोषणा केली ती याच गावी आणि तात्या टोपे यांचा जन्मही येथलाच. पण हिवाळ्यात गावाची ओळख दुसरीच असते.

गुजरातची नुसती नक्कल येथे झाली नाही, याचा सर्वांत चांगला पुरावा म्हणजे आसारी. अहमदाबादेत मांजा फिरकीवर गुंडाळतात. येवल्यात त्याऐवजी आसारी वापरतात : लांब दांड्याभोवती बांबूच्या कामट्या गोलाकार बसवून केलेले, हाताने गरगर फिरवता येणारे मोठे रिळ. पैठणी विणणाऱ्या घरांत रेशमाचा धागा ज्यावर घेतला जातो आणि ज्यावरून तो कांडीवर, म्हणजे धोट्यात बसणाऱ्या छोट्या नळीवर, उतरवला जातो त्या साधनाचे नावही आसारी हेच आहे. तलम रेशीम न तुटता, न गुंतता आणि झपाट्याने सोडणे व गुंडाळणे ही विणकराच्या घरची रोजची गरज, आणि पेचात सापडलेल्या पतंगाला हवी असते तीही तीच. कामाच्या ठिकाणचे अवजार खेळात उतरले, असे याचे सरळ स्पष्टीकरण संभवते. आसारीचा व्यास मोठा असल्यामुळे एका फेऱ्यात पुष्कळ दोरा उलगडतो व गुंडाळला जातो. पटाईत येवलेकर एका हाताने आसारी फिरवीत दुसऱ्या हाताने दोरी खेळवतो. फिरकी धरायला दुसरा माणूस लागतो, आणि अहमदाबादेत ते काम बहुधा धाकट्या भावाकडे किंवा घरातल्या स्त्रियांकडे येते. आसारी ही मदत अनावश्यक करते. सोय म्हणून हे उत्तमच, पण फिरकी धरण्याच्या निमित्ताने गच्चीवर जमणारे नातेसंबंध तेवढे कमी झाले, हेही खरे.

येवल्याच्या छपरांवर हलकडी हे चर्मवाद्य वाजत असते आणि पतंग काटला की ‘गई बोला रे धिन्ना’ ही आरोळी उठते, जी नाशिक परिसरातही ऐकू येते. वाद्य वाजवणारे, आसारी घडवणारे सुतार व बुरूड, पतंग चिकटवणारी घरे, मांजा सुतवणारे आणि उडवणारे विणकर अशी जातीजमातींची वाटणी येथेही आहे. मात्र गाव लहान असल्यामुळे ही सगळी माणसे सणाच्या दिवशी एकाच आकाशाखाली, एकमेकांना नावाने ओळखत वावरतात, जे लक्षावधींच्या अहमदाबादेत शक्य नाही.

१९८९ पासून अहमदाबादेत आंतरराष्ट्रीय पतंग महोत्सव भरतो. देशोदेशीचे पतंगबाज साबरमतीच्या काठी अजस्र आणि नक्षीदार पतंग चढवतात, प्रेक्षक फोटो काढतात, आणि हे पतंग एकमेकांना कापत नाहीत. पर्यटनाच्या दृष्टीने त्याचे मोल आहेच. परंतु जमालपूर आणि खंभातच्या घरांत तयार होणारा, काही रुपयांचा आणि एका दुपारीत संपणारा कागदी पतंग तो नव्हे. गंमत अशी की कायद्याच्या लेखी दोघेही एकाच पंक्तीला बसत : १९३४ च्या विमान अधिनियमात ‘विमान’ या संज्ञेच्या व्याख्येत पतंगाचाही अंतर्भाव होता.

खरा बदल नायलॉनने घडवला. गेल्या काही दशकांत एकपदरी कृत्रिम दोरा बाजारात आला, जो सुती मांज्याहून स्वस्त होता आणि ओढून तुटत नव्हता. ‘चायनीज मांजा’ हे त्याचे बाजारी नाव असले तरी तो मोठ्या प्रमाणावर देशातच तयार होतो. सुती दोरा ताण आला की तुटतो; नायलॉन तुटत नाही, म्हणून तो दुचाकीस्वाराच्या गळ्यात आणि पक्ष्याच्या पंखांत रुततो, आणि झाडांवर वर्षानुवर्षे तसाच लोंबकळत राहतो. संक्रांतीच्या आसपास माणसे दगावल्याच्या बातम्या दरवर्षी येऊ लागल्या. गुजरातेत जखमी पक्ष्यांसाठी ‘करुणा अभियान’ चालवावे लागले आणि महाराष्ट्रात मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून या प्रश्नाची दखल घेतली. जुलै २०१७ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने देशभर नायलॉन व अन्य कृत्रिम मांज्यावर बंदी घातली, आणि तिच्या कक्षेत काच लावलेला मांजाही आला.

बंदीची अंमलबजावणी होते तेव्हा तिचा फटका कोणाला बसतो, हे पाहण्यासारखे आहे. नायलॉनचे रिळ यंत्रावर निघते आणि चोरून विकता येते. रस्त्याच्या कडेला खांब रोवून उघड्यावर चालणारे सुतवण्याचे काम मात्र लपवता येत नाही, आणि बरेलीच्या कारागिराला दुसरे काम हाताशी नसते. माणसाच्या आणि पाखराच्या जिवाचा प्रश्न असल्यामुळे बंदीला विरोध करता येत नाही, आणि करूही नये. पण अपराध एका धाग्याचा आणि शिक्षा दोघांना, असा हा प्रकार झाला आहे. बिनकाचेच्या साध्या सुती दोऱ्याने, ज्याला ‘सद्दी’ म्हणतात, पेच लढवणे अशक्य नाही, मात्र त्यासाठी खेळण्याची रीत बदलावी लागते. काचेचा मांजा असतो तेव्हा पतंगबाज बहुधा ढील देतो, म्हणजे दोरी सैल सोडत जातो, आणि वाऱ्याबरोबर धावणारी धार प्रतिस्पर्ध्याची दोरी कापते. सद्दीला धार नसल्यामुळे ढील उपयोगी पडत नाही आणि दोरी झपाट्याने आपल्याकडे ओढून घर्षणाने कापावी लागते, याला खेच म्हणतात. ढील देण्यात आयुष्य गेलेल्या हातांना हे नव्याने शिकावे लागणार आहे, आणि दोरी झटपट गोळा करण्याच्या कामी येवल्याच्या आसारीला अहमदाबादच्या फिरकीपेक्षा त्यात अधिक वाव मिळण्याचा संभव आहे.